कांद्याच्या पापुद्र्यात पाहिलेली पेशी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मराठी माध्यमाच्या शाळेत विज्ञान शिकवते. पेशीचा धडा आला की मुले आणि त्यांचे पालक जे प्रश्न विचारतात ते वर्षानुवर्षे साधारण तेच असतात. त्यातले बरेचसे पुस्तकातल्या आकृतीमुळे पडतात, आणि कांद्याचा एक पापुद्रा सूक्ष्मदर्शीखाली ठेवला की सुटतात, असा माझा अनुभव आहे. म्हणून इथली उत्तरे जमेल तिथे कांद्याशी आणि आपल्या स्वयंपाकघराशी बांधली आहेत.

पेशी म्हणजे नेमके काय?

सजीवाचा सर्वांत लहान असा भाग, जो स्वतः जिवंत असतो. ती अन्न घेते, त्यातून ऊर्जा मिळवते, नको ते बाहेर टाकते, आजूबाजूला काही बदलले की प्रतिसाद देते, आणि बहुतेक वेळा स्वतःसारखी दुसरी पेशी तयार करू शकते. तिच्या आतले भाग सुटे केले, तर त्यांतला एकही भाग एकट्याने संसार करू शकत नाही. अमिबाचे तर सगळे आयुष्यच एका पेशीत मावते.

पुस्तकात 'सजीवाचे रचनात्मक व कार्यात्मक एकक' अशी व्याख्या असते. ती बरोबर आहे. पण 'एकक' म्हटले की मुलांच्या डोळ्यांसमोर वीट येते, आणि शरीर म्हणजे विटांची भिंत असे चित्र तयार होते. विटेला भूक लागत नाही, विटेची दुसरी वीट होत नाही. हा फरक पहिल्याच दिवशी मनात ठसला तर पुढचा सगळा धडा सोपा जातो.

हिंदी व्हिडिओत 'कोशिका' म्हणतात आणि 'पेशी' म्हणजे काही वेगळेच सांगतात. खरे कोणते?

दोन्ही आपापल्या भाषेत खरे. मराठीत ज्याला पेशी म्हणतात त्याला हिंदीत कोशिका म्हणतात. हिंदीत पेशी किंवा मांसपेशी म्हणजे आपले स्नायू. त्यामुळे हिंदी व्हिडिओ पाहून आलेला मुलगा 'पेशी आकुंचन पावते म्हणून हात वाकतो' असे लिहितो आणि गुण जातात. आपल्याकडे स्नायू ही ऊती आहे, आणि ती पुष्कळ पेशींची बनलेली असते. एवढे एकदा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

बाई, दरवेळी कांदाच का? आणि पापुद्रा नीट निघतच नाही, फाटतो.

कांद्याची प्रत्येक पाकळी म्हणजे खरे तर पानाचा तळाचा, मांसल झालेला भाग. तिच्या आतल्या बाजूला पेशींचा एकच थर असलेला पारदर्शक पापुद्रा असतो. एकच थर असल्यामुळे प्रकाश आरपार जातो आणि पेशी एकमेकींवर चढलेल्या दिसत नाहीत. शिवाय पेशी चांगल्या मोठ्या असतात, लांबीला साधारण पाव मिलिमीटर. शाळेतला जुना, थोडा धूसर झालेला सूक्ष्मदर्शीसुद्धा त्या दाखवतो. इतकी सोयीची वस्तू बाजारात दुसरी मिळत नाही.

फाटतो तो घाईमुळे. कांद्याच्या उभ्या चार फोडी करा. मधली एखादी जाडसर, रसरशीत पाकळी सुटी करा. अगदी बाहेरची सुकलेली नको आणि गाभ्यातली कोवळीही नको. पाकळीची खोलगट बाजू आपल्याकडे ठेवून ती मधोमध उलट्या बाजूला मोडा. कट्कन मोडते, पण दोन तुकडे एका पातळ पडद्याने जोडलेले राहतात. तोच आपला पापुद्रा. चिमट्याने किंवा नखाने त्याची कड धरून सावकाश ओढा आणि लगेच बशीतल्या पाण्यात टाका. हवेत राहिला तर सुरळी होते, मग तो उलगडता उलगडत नाही.

पाण्यातच कात्रीने नखाएवढा तुकडा कापा, ब्रशने उचलून स्लाइडवरच्या थेंबात पसरा. पातळ केलेल्या आयोडीनचा एक थेंब टाका. कव्हरस्लिप एका कडेवर तिरकी टेकवून सुईच्या आधाराने हळूहळू खाली सोडा. बाजूला आलेले जास्तीचे पाणी टिपकागदाने टिपा. आधी कमी वर्धनाच्या भिंगाने पाहा. पहिल्यांदाच मोठे भिंग फिरवले तर बहुतेक वेळा कव्हरस्लिप फुटते आणि भिंगावर ओरखडा येतो.

नीट जमले तर भिंतीतल्या विटांसारख्या लांबट, एकमेकींना चिकटलेल्या पेशींच्या ओळी दिसतात, आणि बहुतेक पेशीत एक पिवळसर तपकिरी ठिपका. तो केंद्रक, म्हणजे पेशीचा कारभार पाहणारा भाग. तो बरेचदा मधोमध नसतो, कडेला सरकलेला असतो. आकृतीत मधोमध काढायची सवय झालेल्या मुलांना हे चूक वाटते. चूक काही नाही. पेशीच्या मध्यभागी पाण्याने भरलेली मोठी रिक्तिका असते आणि ती केंद्रकाला पेशीद्रव्यासकट, म्हणजे पेशीतल्या दाटसर द्रवासकट, कडेला ढकलते. दिसले तसेच काढा.

मला काळ्या जाड कडांचे गोल गोल दिसले. त्या पेशी आहेत का?

ते हवेचे बुडबुडे. कव्हरस्लिप आडवी टाकली की अडकतात. एका मुलीने असे अकरा बुडबुडे फार सुबकपणे वहीत काढले होते, आत केंद्रकसुद्धा दाखवला होता, कारण केंद्रक असतो असे तिने वाचले होते. तिच्या शेजारी बसून आम्ही दुसरी स्लाइड केली. काळी, ठळक, अगदी गोल कड दिसली की बुडबुडा समजावा. कांद्याच्या पेशीची कड बारीक असते आणि ती शेजारच्या पेशीच्या कडेला लागून असते.

कांदा वनस्पती आहे. मग पेशी हिरव्या का नाहीत?

कारण हिरवा रंग हरितलवकांत असतो आणि मातीखाली, उजेडाशिवाय, हरितलवकांचे काही काम नसते. त्याच कांद्याची पात बघा, ती हिरवीगार असते. 'वनस्पतिपेशीत हरितलवके असतात' या वाक्याचा अर्थ प्रत्येक वनस्पतिपेशीत असतात असा नाही. मुळांच्या पेशींत नसतात, कांद्याच्या मांसल पाकळीत नसतात.

हिरवी पेशी पाहायची असेल तर मत्स्यालयाच्या दुकानात मिळणारी हायड्रिला ही पाणवनस्पती आणा. तिचे कोवळे पान जसेच्या तसे पाण्याच्या थेंबात ठेवले तरी चालते. रंग देऊ नका. दोन-चार मिनिटे दिव्याच्या उजेडात ठेवून शांतपणे पाहत राहिलात, तर पेशीच्या कडेने हिरवे कण एकामागून एक फिरताना दिसतात. पेशीद्रव्य वाहते आणि हरितलवके त्याबरोबर वाहतात. पहिल्यांदा हे पाहणारे प्रत्येक मूल 'बाई, हलतंय!' असे ओरडते. मीही कॉलेजात तशीच ओरडले होते.

पेशी कोणी शोधली? परीक्षेत एकच नाव लिहायचे का?

परीक्षेत रॉबर्ट हूक लिहा, साल १६६५. पण त्याने काय पाहिले हेही समजून घ्या. लंडनमध्ये त्याने बुचाचा पातळ काप भिंगाखाली ठेवला आणि त्याला मधमाश्यांच्या पोळ्यासारखे रिकामे कप्पे दिसले. मठातल्या साधूंच्या छोट्या खोल्यांसाठी जो 'सेल' हा शब्द होता, तोच त्याने या कप्प्यांना दिला. एका घन इंचात असे सव्वाशे कोटींहून अधिक कप्पे मावतील असा हिशेबही त्याने मांडला. बूच म्हणजे झाडाची मेलेली साल. त्यामुळे हूकने पाहिल्या त्या मेलेल्या पेशींच्या भिंती. आतले जिवंत काही त्याला दिसणे शक्यच नव्हते.

जिवंत पेशी पाहिल्या त्या हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावच्या एका कापड व्यापाऱ्याने. त्याचे नाव आंतोनी व्हान लेव्हेनहुक. स्वतः घासलेल्या इवल्याशा भिंगातून त्याने १६७४ च्या सुमारास तळ्याच्या पाण्यात पोहणारे सूक्ष्मजीव पाहिले, आणि १६८३ मध्ये दातांवरच्या किटणात वळवळणारे जीव पाहून लंडनच्या रॉयल सोसायटी या विज्ञानसंस्थेला पत्र लिहिले. त्याच्याकडे विद्यापीठाची पदवी नव्हती. होती ती चिकाटी आणि भिंग घासायचा हात.

पुढे १८३१ मध्ये रॉबर्ट ब्राउनने केंद्रकाला नाव दिले. १८३८ मध्ये श्लायडेनने वनस्पतींबद्दल आणि १८३९ मध्ये श्वानने प्राण्यांबद्दल सांगितले की सगळे पेशींचेच बनलेले असते. पण नवी पेशी येते कुठून, यावर त्या दोघांचे उत्तर चुकीचे होते; स्फटिक जमतात तशा पेशी जमतात असे त्यांना वाटे. पेशी आधीच्या पेशीपासूनच तयार होते, हे रोबेर्ट रेमाकने विभाजन प्रत्यक्ष पाहून सांगितले आणि रुडॉल्फ फिर्शोने १८५५ मध्ये ते जगभर पोहोचवले. आपल्या पाठ्यपुस्तकांत फिर्शोचे नाव येते, रेमाकचे सहसा येत नाही. मला ते खटकते, म्हणून वर्गात मी दोन्ही नावे सांगते.

पेशी इतक्या लहान का असतात? एकच मोठी पेशी का नाही?

पेशीला लागणारे सगळे तिच्या पृष्ठभागातून आत येते आणि नको ते सगळे तिथूनच बाहेर जाते. आकार वाढला की आतला पसारा पृष्ठभागापेक्षा फार वेगाने वाढतो. १ सेंमी बाजूच्या घनाचा पृष्ठभाग ६ चौ. सेंमी आणि आकारमान १ घन सेंमी. बाजू २ सेंमी केली की पृष्ठभाग २४, पण आकारमान ८. म्हणजे आधी प्रत्येक घन सेंटिमीटरच्या वाट्याला ६ चौ. सेंमी दार होते, आता ३ च उरले. बटाट्याच्या फोडी केल्या की अख्ख्या बटाट्यापेक्षा लवकर शिजतात, त्यामागेही हेच गणित आहे.

अपवाद आहेत आणि ते फार सुंदर आहेत. पाठीच्या कण्यापासून पायाच्या बोटांपर्यंत जाणाऱ्या चेतापेशीचा धागा सुमारे मीटरभर लांब असतो, पण तो इतका बारीक की आतला कोणताही भाग पृष्ठभागापासून दूर राहत नाही. समुद्रातले कॉलर्पा नावाचे शैवाल पानाफांद्यांसारखे पसरलेले दिसते, पण आत भिंतीच नसल्यामुळे ते सगळे मिळून एकच पेशी असते. केंद्रके मात्र पुष्कळ. आणि २०२२ मध्ये कॅरिबियनमधल्या ग्वादलूप बेटाच्या खारफुटीत सापडलेल्या एका जीवाणूचे वर्णन प्रसिद्ध झाले. तो साधारण १ सेंमी लांब असतो, म्हणजे नुसत्या डोळ्यांना दिसतो. जीवाणू डोळ्यांना दिसत नाहीत असे मी कितीतरी वर्षे शिकवले होते. त्या वर्षापासून वाक्य बदलले.

कोंबडीचे अंडे ही एक पेशी असते का?

अंड्यातला पिवळा बलक ही पेशी. पांढरा भाग आणि कवच तिच्याभोवती नंतर चढते. दुकानातली अंडी सहसा अफलित असतात, त्यामुळे त्यांना हे लागू पडते. फलित अंडे मात्र घातले जाते तेव्हाच त्याच्या बलकावरच्या पांढुरक्या ठिपक्यात हजारो पेशी तयार झालेल्या असतात.

कोशिंबिरीला पाणी सुटते, ते पेशींमुळेच का?

होय, आणि परासरण शिकायला याहून चांगला प्रयोग नाही. काकडी चोचवली, मीठ घातले आणि दहा मिनिटे ठेवली की भांड्यात पाणी जमते. मीठ विरघळून पेशीबाहेर दाट द्रावण झाले. पेशीपटलातून, म्हणजे पेशीच्या पातळ आवरणातून, पाणी सहज जाते, मीठ तितक्या सहज जात नाही. मग जिथे पाण्याचे प्रमाण जास्त, म्हणजे पेशीच्या आत, तिथून ते बाहेर येते. पुस्तकात हेच अतिपरासारी द्रावण. म्हणून तर जाणत्या बायका कोशिंबिरीत मीठ अगदी पान वाढताना घालतात.

कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवल्यावर सुटणारा खारही तोच. आणि लोणचे टिकते त्यामागे हेही एक कारण आहे की त्या खारात पडलेल्या बहुतेक जीवाणूंच्या पेशींतूनही पाणी निघून जाते आणि त्यांची वाढ थांबते.

उलटे पाहायचे असेल तर मलूल झालेली कोथिंबिरीची जुडी देठांकडून पाण्यात उभी करा. तासाभरात तरतरी येते. पेशींच्या रिक्तिका पुन्हा भरतात, पेशीभित्तिकेवर, म्हणजे पेशीच्या बाहेरच्या भिंतीवर, आतून दाब येतो आणि पान ताठ होते. वनस्पतीला हाडे नसतात. कोवळ्या भाजीचा ताठपणा हा निव्वळ पाण्याचा दाब असतो. पेशी फुगून फुटत का नाही? बाहेरून भित्तिका आवळून धरते म्हणून. आपल्या रक्तपेशींना भित्तिका नाही. त्या साध्या पाण्यात टाकल्या तर फुगून फुटतात. दवाखान्यात शिरेतून देतात त्या सलाइनमध्ये ०.९ टक्के मीठ असते ते याचसाठी.

कांदा चिरताना डोळ्यांत पाणी येते, त्याचा पेशीशी काय संबंध?

सगळा संबंध पेशीशीच आहे. अख्खा कांदा कितीही हुंगला तरी डोळे चुरचुरत नाहीत. कारण पेशीत दोन गोष्टी वेगवेगळ्या ठेवलेल्या असतात: पेशीद्रव्यात गंधकयुक्त पदार्थ, आणि रिक्तिकेत त्यांना तोडणारे विकर, म्हणजे एन्झाइम. सुरी फिरली की पडदे फाटतात, दोघांची गाठ पडते, पुढे आणखी एक विकर कामाला लागते आणि झोंबणारा वायू तयार होतो. हे दुसरे विकर जपानी संशोधकांनी २००२ मध्ये ओळखले. बोथट सुरीने कांदा चेचला जातो, जास्त पेशी फुटतात, म्हणून जास्त झोंबतो.

पेशीत इतके पडदे आणि कप्पे कशाला, असे मुले विचारतात तेव्हा मी हेच उदाहरण देते. जे एकत्र आले तर अनर्थ होईल ते वेगळे ठेवण्यासाठी. लयकारिकेतली (लायसोसोममधली) पाचक विकरे पटलाच्या पिशवीत बंद असतात तीही याच कारणाने.

मुलाला अंगकांची नावे पाठ होत नाहीत. काही युक्ती?

युक्तीपेक्षा एक गोष्ट सांगते. एका वेळी एकच अंगक, म्हणजे पेशीतला ठरावीक काम करणारा भाग, घ्या आणि त्याची कथा पूर्ण ऐकवा. तंतुकणिकेचीच घ्या ना. ती अन्नापासून ऊर्जा मिळवून ती एटीपी नावाच्या रेणूत साठवते, एवढे सगळे पाठ करतात. हा एटीपी १९२९ मध्ये सापडला. जर्मनीत कार्ल लोमानला आणि त्याच सुमारास अमेरिकेत हार्वर्डमध्ये सायरस फिस्क आणि यल्लाप्रगडा सुब्बाराव यांना. सुब्बाराव आंध्रातल्या भीमावरमचे. आपल्या शरीरातल्या प्रत्येक हालचालीमागचा रेणू शोधणाऱ्यांत आपल्या देशातला माणूस होता, हे किती मुलांना माहीत असते?

दुसरी कथा त्याहून विलक्षण. तंतुकणिकेला स्वतःचा डीएनए असतो, तोही जीवाणूंसारखा वर्तुळाकार. स्वतःचे रायबोसोम, म्हणजे प्रथिने बनवणारे कण, असतात. ती स्वतः दुभंगून वाढते. १९६७ मध्ये अमेरिकन जीवशास्त्रज्ञ लिन मार्ग्युलिस यांनी मांडले की फार फार पूर्वी एका पेशीने एक जीवाणू आत घेतला, तो पचला नाही, तिथेच राहिला, आणि पिढ्यानपिढ्या राहून तंतुकणिका झाला. हरितलवकांचीही तीच हकिकत. मार्ग्युलिस यांचा लेख अनेक नियतकालिकांनी परत पाठवला होता. आज तो विचार पाठ्यपुस्तकांत आहे. आणखी एक: आपल्या सगळ्या तंतुकणिका आईकडून येतात. आईला तिच्या आईकडून. आजीची आठवण म्हणून दागिना नसेल मिळाला, तरी जवळजवळ प्रत्येक पेशीत हे मिळालेले असते. ही कथा ऐकलेले मूल तंतुकणिकेचे नाव विसरत नाही.

आपल्या शरीरात किती पेशी असतात?

२०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार ७० किलो वजनाच्या तरुण पुरुषात सुमारे ३० लाख कोटी, आणि त्याच्या शरीरावर व शरीरात राहणारे जीवाणू सुमारे ३८ लाख कोटी. 'माणसाच्या पेशींच्या दहापट जीवाणू' हे अजूनही ऐकू येते, ते सोडून द्या. त्या ३० लाख कोटींतल्या जवळजवळ २५ लाख कोटी तर एकट्या लाल रक्तपेशीच असतात.

लाल रक्तपेशीत केंद्रक नसतो, मग ती पेशी कशी?

तयार होताना तिच्यात केंद्रक असतो. अस्थिमज्जेत वाढताना ती तो बाहेर टाकते. तंतुकणिकाही टाकते. जागा मोकळी होते ती हिमोग्लोबिनसाठी. किंमत अशी की तिला स्वतःची डागडुजी करता येत नाही आणि ती साधारण १२० दिवसच टिकते. म्हणून शरीर दर सेकंदाला सुमारे २० लाख नव्या रक्तपेशी करत असते.

दही म्हणजे जिवंत पेशी खाणे का?

हो. विरजणाच्या चमच्यात कोट्यवधी जीवाणू असतात आणि त्यातला प्रत्येक ही एक पूर्ण पेशी. त्यांना केंद्रक नाही. डीएनए पेशीद्रव्यातच असतो, भोवती पडदा नाही. म्हणून त्या आदिकेंद्रकी. कांद्याची आणि आपली पेशी दृश्यकेंद्रकी. दुधातली साखर घेऊन हे जीवाणू आम्ल बनवतात, आम्लाने दुधातली प्रथिने गोठतात, दही लागते. कोमट दूध हवे ते त्यांच्यासाठी. कढत दुधात विरजण घातले की ते मरतात, आणि थंडीत दही लागत नाही कारण त्यांची वाढ मंदावते. आई पातेले शालीत गुंडाळून ठेवते तेव्हा ती या पेशींनाच ऊब देत असते.

दह्याचा कण भरपूर पाण्यात कालवून, स्लाइडवर वाळवून, मिथिलिन ब्लूने रंगवला तर शाळेच्या मोठ्या भिंगाखाली निळे ठिपके आणि काड्या दिसतात. कांद्याच्या एका पेशीशेजारी ते किती लहान, हे एकदा तरी पाहावे.

विषाणू ही पेशी आहे का?

नाही. त्याला पेशीद्रव्य नाही, रायबोसोम नाहीत, ऊर्जा मिळवायची सोय नाही. प्रथिनाच्या कवचात जनुकीय द्रव्य, बस. पेशीत शिरला की तिच्याच यंत्रणेकडून स्वतःच्या प्रती करून घेतो. १९३५ मध्ये वेंडेल स्टॅन्लीने तंबाखूच्या पानावरच्या विषाणूचे साखरेसारखे स्फटिक केले आणि सजीव-निर्जीव हा प्रश्न आणखी अवघड झाला. मी त्याला सजीव मानत नाही. इतर शिक्षक मानतात. वाद चांगला आहे, वर्गात होऊ द्या.

यातला रोजच्या उपयोगाचा भाग वेगळाच आहे. पेनिसिलिन जीवाणूंना त्यांची पेशीभित्तिका नीट बांधू देत नाही. आपल्या पेशींना भित्तिका नाही, म्हणून आपल्या पेशी वाचतात. विषाणूला तर पेशीच नाही, म्हणून साध्या सर्दीवर अँटिबायोटिक चालत नाही. पालकांनी डॉक्टरांकडे 'स्ट्राँग औषध द्या' असा हट्ट धरण्यापूर्वी हे लक्षात घ्यावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

पेशी विभागताना घरी पाहता येते का?

अर्धे काम घरी होते. पाण्याने भरलेल्या बाटलीच्या तोंडावर कांदा असा ठेवा की त्याचा बूड पाण्याला जेमतेम टेकेल. दोन-चार दिवसांत पांढरी मुळे फुटतात. मुळाच्या टोकाच्या दोन-तीन मिलिमीटरमध्ये पेशी सतत विभागत असतात. पुढचे काम, म्हणजे आम्लात मऊ करणे आणि रंग देऊन चेपणे, कॉलेजच्या प्रयोगशाळेत शिक्षकांसमोरच करा. तिथे गुणसूत्रे दोरीच्या तुकड्यांसारखी दिसतात. कांद्याला १६ असतात, आपल्याला ४६.

मात्र यावरून आपण जास्त गुंतागुंतीचे म्हणून आपला डीएनए जास्त, असे समजू नका. कांद्याच्या पेशीतला डीएनए माणसाच्या जवळजवळ पाचपट असतो. त्यातला बराच भाग त्याच त्याच अक्षरांची पुनरावृत्ती आहे.

पेशी शरीराबाहेर जगू शकते का?

योग्य ऊब, अन्न आणि स्वच्छता मिळाली तर जगते, वाढतेही. माणसाच्या पेशी प्रयोगशाळेत अखंड वाढवता आल्या त्या १९५१ मध्ये, अमेरिकेतल्या बाल्टिमोरमध्ये. त्या हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय बाईंच्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या पेशी होत्या. त्यांना न विचारता घेतल्या होत्या. त्याच वर्षी त्या वारल्या. कुटुंबाला कितीतरी वर्षे काही माहीत नव्हते. पोलिओच्या लशीच्या चाचण्यांपासून पुढे असंख्य संशोधनांत त्या पेशी वापरल्या गेल्या आणि आजही वापरल्या जातात. पेशी शिकवताना हे नाव मी कधीच वगळत नाही.

आपल्याकडे पुण्यात विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आहे. तिथे निरनिराळ्या पेशींचा साठा जपून ठेवतात आणि देशभरातल्या संशोधकांना पुरवतात.

शाळेत सूक्ष्मदर्शी एकच आहे आणि घरी नाही. मग?

फोल्डस्कोप मिळवा. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या मनू प्रकाश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बनवलेला हा कागदाचा, घडी घालून उभारायचा सूक्ष्मदर्शी. वस्तू सुमारे १४० पट मोठी दिसते. कांद्याच्या पेशींना तेवढे पुरून उरते.

चिरलेल्या कांद्यातली पेशी जिवंत असते का?

हा प्रश्न विचारणारे मूल वर्षातून एखादेच भेटते, आणि त्या दिवशी मी दुसरे काही शिकवत नाही. उत्तर हो. सुरीखाली आलेल्या पेशी मेल्या, बाकीच्या पुष्कळ वेळ जिवंत राहतात. टोपलीतल्या कांद्याला कोंब येतो तो उगीच नाही. आयोडीन टाकले की मात्र त्या मरतात, म्हणून हा प्रयोग रंग न देता करायचा.

लाल कांदा घ्या. या वेळी पाकळीच्या बाहेरच्या, फुगीर बाजूचा जांभळट पापुद्रा हवा. तो रंग रिक्तिकेतल्या पाण्यात असतो. साध्या पाण्यात पाहिलात तर पेशी काठोकाठ जांभळ्या दिसतील. आता अर्धी वाटी पाण्यात एक चमचा मीठ विरघळवा, त्याचा एक थेंब कव्हरस्लिपच्या एका कडेला सोडा आणि समोरच्या कडेला टिपकागद लावा. खारे पाणी आत ओढले जाते. थोड्या वेळात जांभळा रंग कोपऱ्यांतून सुटू लागतो, मग भिंतींपासून मागे सरतो आणि मधे एक गडद गोळा होतो. भिंत जिथल्या तिथे राहते. आत आवळला जातो तो पेशीपटलात बंद असलेला जिवंत भाग. हेच उकळत्या पाण्यात मिनिटभर बुडवलेल्या पापुद्र्यावर करून पाहा: पटल फाटलेले असते, रंग पाण्यात उतरतो, काहीही आवळत नाही.

मग पहिल्या स्लाइडला तशाच रीतीने साध्या पाण्याचे दोन-तीन थेंब द्या. गोळा फुगू लागतो आणि जांभळा रंग पुन्हा भिंतीकडे सरकतो. तेवढा वेळ भिंगावरून डोळा काढू नका.